घाईचं लग्न आणि वेडिंग प्लॅनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघी मुंबईत लग्नं उभी करून देण्याचं काम करतो. बहुतेक मराठी घरांतली, बहुतेक दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली या पट्ट्यातली. फोन साधारण रात्री साडेदहानंतर येतात, बैठकीचे पाहुणे गेले की. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवली. इथे ‘घाईचं लग्न’ म्हणजे बैठकीपासून अक्षतांपर्यंत दोन महिन्यांहून कमी वेळ.

१. लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आता प्लॅनर घ्यायला उशीर झाला का?

नाही झाला. वर्षभर हाताशी असलं तर घरची माणसं शनिवार-रविवार करत सगळं उरकतात. पाच आठवडे म्हणजे पाचच रविवार, त्यातले दोन केळवणांत जातात. सगळे फोन एकाच आठवड्यात करायचे असतात आणि घरातले सगळे सकाळी ८:१२ च्या लोकलने कामाला गेलेले असतात. तेव्हाच प्लॅनर उपयोगी पडतो.

तीन आठवड्यांहून कमी दिवस उरले असतील तर मात्र आधी स्वतः हॉल धरा आणि मग आम्हाला फोन करा. आमची पहिली भेट ठरेपर्यंत तो हॉल जाऊ शकतो.

२. हॉलवाला, केटरर, डेकोरेटर मिळून सगळं करतातच. मग प्लॅनर काय करतो?

ते करतात, पण आपापल्यापुरतं. पंगत कधी बसणार हे केटररला हवं असतं, आणि ते गुरुजींच्या हातात. मुलगी बोहल्यावर कधी येणार हे गुरुजींना हवं असतं, आणि ते मेकअपवालीच्या हातात. मेकअपवालीला वधूच्या खोलीची चावी सकाळी सहाला हवी असते, आणि चावीवाला उगवतो आठला. ही साखळी आदल्या दिवशीच जुळवून ठेवणं हे प्लॅनरचं खरं काम. फुलांचे रंग ठरवणं त्यातला अगदी छोटा भाग.

कामाचे प्रकार दोन. एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं. दुसरा, बुकिंग तुम्ही करायचं आणि आदल्या दिवसापासून धावपळ आमची. आणखी एक जात बाजारात भेटते: कार्डावर ‘प्लॅनर’ छापलेला डेकोरेटर. तो वाईट नसतो, पण गुरुजी साडेआठपर्यंत आले नाहीत तर फोन तुम्हालाच करावा लागतो.

३. सगळ्यांनाच प्लॅनर लागतो का?

नाही, आणि हे आम्ही फोनवरच सांगतो. दीडशे माणसं, केटरर हॉलचाच, गुरुजी घरचे, आणि घरात एखादी नुकतीच रिटायर झालेली, खणखणीत आवाजाची मावशी असेल तर पैसे वाचवा. मावशीला एक वही आणि एक हुशार भाचा द्या.

४. आधी मुहूर्त काढायचा की आधी हॉल बघायचा?

घाईच्या लग्नात दोन्ही एकदमच करावं लागतं. रीत अशी की गुरुजींनी एक मुहूर्त द्यायचा आणि मग वडिलांनी हॉल शोधत फिरायचं. दोन महिन्यांच्या आत हे जमणं कठीण, कारण पंचांगातल्या चांगल्या तारखा सगळ्या मुंबईने सहा महिन्यांपूर्वीच धरलेल्या असतात. गुरुजींकडून एक नको, सहा-सात तारखा मागून घ्या, वारांची अट न घालता. ती यादी प्लॅनरच्या हातात दिली की एका दुपारी वीसेक हॉलना फोन होतात. मंगळवारी सकाळचं सत्र मिळतं, रविवारचं मिळत नाही. पाहुणे रजा टाकतात. ज्यांना यायचंच असतं ते येतात.

आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि नेहमीचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. पौष बरीच घरं टाळतात. अधिक मास आला की आणखी पंचाईत. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे शाळेच्या सुट्टीतला अर्धा हंगाम गेला. अडचण असेल तर काढीव मुहूर्त असतात, पंचांगांतही ते वेगळे छापलेले असतात. घरात कुणी गेलं म्हणून वर्षाच्या आत कार्य उरकायचं आहे, मुलाचा व्हिसा आलाय, आजींची तब्येत ठीक नाही, अशा कारणांनी लग्न घाईत होत असेल तर गुरुजींना ते स्पष्ट सांगा. ते मार्ग काढतात. काढीव मुहूर्तांना हॉल सहज मिळतात, हा वरचा फायदा.

रविवारच मिळाला तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेल्या लोकल, लक्षात ठेवा. तो जाहीर होतो एक-दोन दिवस आधी आणि चालतो भर दुपारी, नेमका आपल्या मुहूर्ताच्या सुमारास. दादरच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकांचं तिसरं कडवं चालू, आणि मुलीला मांडवात आणणारे मामा कुर्ल्याला गाडीत अडकलेले. शेवटी धाकट्या काकांनी मुलीला आणलं. मामा पोचले तेव्हा वरमाला होऊन गेल्या होत्या आणि ते जेवेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून मामांना आम्ही आदल्या रात्रीच हॉलजवळ मुक्कामाला आणतो, हे आमच्या यादीत लाल पेनाने लिहिलेलं आहे.

५. फी किती असते? घाईचं लग्न म्हणून जास्त घेतात का?

दोन पद्धती चालतात: ठरावीक रक्कम, किंवा एकूण खर्चाचे टक्के. टक्के साधारण दहा ते पंधरा. खर्च वीस लाख आणि फी दहा टक्के धरली तर दोन लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ हजार. हातात येणारं बिल २ लाख ३६ हजारांचं. पहिल्या भेटीत सांगितलेला आकडा जीएसटीसकट आहे की जीएसटी वेगळा, एवढं विचारलंत तरी पुढचे निम्मे वाद टळतील.

आमचं मत: घाईत टक्क्यांवर जाऊ नका. तुमचा खर्च वाढला की प्लॅनरची फी वाढते, आणि घाईत तुम्हाला घासाघीस करायला वेळ नसतो. ठरावीक रक्कम बरी. केटरर, डेकोरेटर यांच्याकडून प्लॅनरला कमिशन मिळतं का, हेही तोंडावर विचारा. मिळत असेल तर त्यात गुन्हा नाही, लपवलं तर मात्र आहे. आयत्या वेळच्या कामाला थोडी जास्त फी मागणं रास्त आहे, कारण त्या महिन्यात तो दुसरं लग्न घेऊ शकत नाही.

६. पहिल्या आठवड्यात काय काय ठरायलाच हवं?

चार गोष्टी, याच क्रमाने: तारीख-हॉल, पाहुण्यांचा आकडा, नवरीचे कपडे (प्रश्न ७), आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कुणाला. मेहंदी, फोटो, रुखवत, सनई हे सगळं दुसऱ्या आठवड्यात गेलं तरी चालतं.

आकड्याबद्दल: ‘तीनशे-साडेतीनशे’ हा आकडा नव्हे. हॉल, ताटं आणि खुर्च्या तिन्ही त्यावर ठरतात. शनिवारी रात्री दोन्ही घरांनी बसून नावं लिहून काढा.

गावाकडचे पाहुणे असतील तर तारीख ठरली त्याच संध्याकाळी तिकिटं बघा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे तुमची तारीख ठरली तेव्हा कोकणाकडच्या गाड्यांचं आरक्षण कधीच उघडलेलं, आणि मे महिना असेल तर भरलेलंही. रत्नागिरीच्या चाळीस माणसांसाठी मग एक बस करणंच स्वस्त पडतं.

अधिकाराबद्दल: एकच माणूस. आई, मुलगी किंवा मोठा भाऊ, कुणीही चालेल. ग्रुपवर स्टेजचे तीन फोटो टाकले आणि अकरा जणांनी वेगवेगळे अंगठे दाखवले की चार दिवस गेले समजा. पाच आठवड्यांतले चार दिवस.

७. कपड्यांची एवढी घाई कशासाठी? साड्या तर एका दिवसात घेऊन होतात.

साड्या होतात. हिंदमाताला सकाळी गेलात तर दिवेलागणीपर्यंत शालू, पैठणी, मानपानाच्या साड्या सगळं पिशवीत. अडतं ते ब्लाउजपाशी. पैठणीचा ब्लाउजपीस साडीतूनच कापायचा, म्हणजे साडी हातात आल्याशिवाय शिंप्याचं कामच सुरू होत नाही. लग्नसराईत चांगला शिंपी तीन आठवडे सांगतो, आरीवर्क (आरीच्या सुईचं भरतकाम) हवं असेल तर त्याहून जास्त. मग ट्रायल, मग खांद्यात दाब, मग पुन्हा ट्रायल. फॉल-पिको त्याच्यात धरलेलं नाही.

घाईच्या लग्नात आम्ही क्रम उलटा करतो: आधी शिंप्याची तारीख घेतो, मग साडी खरेदीचा दिवस ठरवतो. आरीवर्क एकाच ब्लाउजला, जो विधीत दिसणार त्याला. बाकीच्यांना तयार काठ. पाचपेक्षा कमी आठवडे असतील तर विधीसाठी शिवलेली नऊवारी घ्या, ती मापावर लवकर मिळते. आणि मुलगी त्या महिन्यात डाएट करणार असेल तर शिंप्याला आधी सांगा, म्हणजे तो आत शिवण जास्त ठेवतो. त्याला हे नवीन नाही.

८. करारात काय लिहून घ्यायचं? आगाऊ किती द्यायचे?

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो काका, होऊन जाईल’ हा करार नव्हे. दोन पानं पुरतात: कोणकोणते कार्यक्रम, लग्नाच्या दिवशी प्लॅनरची किती माणसं हजर, फी आणि हप्ते, तारीख बदलली तर काय, लग्न मोडलं तर काय. शेवटचं वाक्य लिहिताना सगळे अवघडतात. तरी लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं: हॉल, केटरर, फोटोग्राफर यांचे आगाऊ पैसे तुमच्या खात्यातून थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती तुमच्या नावाने घ्या. प्लॅनरमार्फत देऊ नका, आमच्यामार्फतही. बुकिंग तुमच्या नावावर राहिलं की प्लॅनर बदलता येतो (प्रश्न १७). प्लॅनरच्या फीचा शेवटचा हप्ता, निदान वीस टक्के, कार्यानंतर.

रोखीचा आग्रह कुणी धरला तर एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, एवढं सांगा. हप्ते पाडूनही ती चुकत नाही.

९. आमच्या ओळखीचा केटरर आणि फूलवाला आहे. प्लॅनर चालवून घेईल का?

चांगला प्लॅनर घेईल. प्रश्न हॉलचा असतो. मुंबईतल्या बऱ्याच हॉलना ठरलेला केटरर असतो. काही ठिकाणी बाहेरचा आणता येतो, पण त्याची ‘रॉयल्टी’ भरावी लागते. कधीकधी ती एवढी असते की ओळखीची सवलत त्यातच जाते. हॉल धरण्याआधी त्याच्या नियमांचा कागद मागा आणि बारीक अक्षरं वाचा.

आम्ही एकदा वाचली नव्हती. एसी बँक्वेट हॉल, लाजाहोमाला तूप पडलं, धूर वर गेला आणि आगीचा अलार्म वाजायला लागला. अडीचशे पाहुणे जागच्या जागी उभे, नवरदेवाच्या हातात लाह्या तशाच. होमासाठी वेगळी जागा आहे आणि ती आधी सांगून घ्यावी लागते, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. चूक आमची. आता हॉल बघायला गेलं की छताकडे आधी बघतो.

फुलांसाठी ओळखीचा माणूस नसेल तरी अडत नाही, दादरचा फूलबाजार पहाटे जागा असतो. थर्माकोलची सजावट कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, २०१८ पासून राज्यात तिच्यावर बंदी आहे.

१०. प्लॅनर मुलीकडचा की मुलाकडचा? व्याह्यांना आवडेल का?

ज्याने फी दिली त्याचा. पण सीमांतपूजनापासून मानपानापर्यंत दोन्ही घरं गुंतलेली असतात, म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात विहीणबाईंना वेगळा फोन करतो: तुमच्याकडे काय रीत आहे, कानपिळीला कोण, सूनमुख कसं. हे प्रश्न प्लॅनरने विचारले तर चौकशी वाटते, मुलीच्या आईने विचारले तर तक्रार वाटते. आत्याबाईंना ‘परकी बाई कशाला’ वाटत असेल तर त्यांच्याकडे रुखवत सोपवा. खरंच सोपवा, नुसतं म्हणायला नको.

११. मुलगा परदेशात आहे, लग्नाच्या फक्त आठ दिवस आधी येणार. जमेल?

जमतं. शेरवानी-सोवळ्याची मापं तिकडूनच येतात. मुलगी परदेशात असेल तर अंगात नीट बसणारा एक ब्लाउज कुरियरने मागवा, शिंप्याला इंचपट्टीच्या आकड्यांपेक्षा तो बरा. साखरपुडा, हळद आणि लग्न लागोपाठच्या दोन दिवसांत बसवा. सत्यनारायण तिसऱ्या दिवशी. उरलेले दिवस मोकळे ठेवा, ते कागदांत जातात (प्रश्न १२).

१२. विवाह नोंदणीचं काम प्लॅनर करून देतो का?

अर्जाला मदत करतो, सह्या तुमच्याच. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची. मुंबईत ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते, वर किंवा वधू राहते त्या वॉर्डात. तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर गुरुजींची सही लागते. ती सही लग्नाच्या दिवशीच, दक्षिणा देताना घेऊन टाका. नंतर गुरुजी नाशिकला असतात.

व्हिसासाठी दाखला हवा असेल तर नावांची स्पेलिंगं पासपोर्टप्रमाणेच लिहा. काही देशांना दाखल्यावर अपोस्टिल (परदेशात दाखला चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) लागतं, त्याचे दिवस वेगळे धरा.

१३. आमचं लग्न आंतरधर्मीय आहे. तीन आठवड्यांत होईल का?

कायदेशीर लग्न नाही होणार, कुठलाही प्लॅनर ते करून देऊ शकत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं. नोटीस ज्या जिल्ह्यात देणार तिथे दोघांपैकी एकाचं तरी आधीचे ३० दिवस वास्तव्य हवं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे इथे नडतं. नोटीस तीन महिने चालते. म्हणून आधी नोटीस द्या आणि समारंभाची तारीख त्यानंतर ठरवा. ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

आंतरजातीय लग्नाला ही अट नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. त्यातली लग्नं विधीने होतात आणि प्रश्न १२ प्रमाणे नोंदवता येतात.

१४. पावसाळ्यात अलिबागला छोटेखानी लग्न करायचं म्हणतोय. कसं वाटतं?

हॉटेल स्वस्तात मिळेल. पण गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) असते, तीही हवामान बिघडलं की रद्द होते. आजीआजोबा आणि केटररचा टेम्पो दोघांनाही रस्त्यानेच न्यायचं असं धरून चाला. उघड्यावरचं लग्न मनातून काढा.

१५. संगीतला डीजे किती वाजेपर्यंत चालतो?

दहा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, आणि मुंबईत १०० मीटरमध्ये शाळा नाही असा हॉल शोधून दाखवा. संध्याकाळी साडेसहाला सुरू करा. गाण्यांच्या परवान्याचे पैसे कुणी मागितले तर लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये तसं पत्रक काढलं आहे, हे हॉटेलला दाखवा.

१६. मध्येच सुतक आलं तर?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, विशेषतः आजी-आजोबांसाठीच लग्न लवकर ठेवलेलं असतं तेव्हा. नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की त्या कार्यापुरतं सुतक लागत नाही, असं बहुतेक घरांत मानतात. लग्नाआधी दहा दिवसांपर्यंत नांदीश्राद्ध करून ठेवता येतं, असं गुरुजी सांगतात. घरात कुणी फार आजारी असेल तर गुरुजींशी हे आत्ताच बोला. प्लॅनरने यात मत देऊ नये. आमचं काम एवढंच की हॉल आणि केटररच्या करारात तारीख बदलायची सोय आधीच लिहून घ्यायची (प्रश्न ८).

१७. लग्न दहा दिवसांवर आलंय आणि आमचा प्लॅनर फोनच उचलत नाही.

भांडण लग्नानंतर. आज दुपारी हॉल, केटरर, डेकोरेटर, फोटोग्राफर, गुरुजी, मेकअप यांना स्वतः फोन लावा आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: बुकिंग कुणाच्या नावावर आहे आणि किती पैसे पोचले. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट होतं. अशा घरांतून आम्हाला फोन आलेत. बहुतेक वेळा हॉल शाबूत असतो आणि डेकोरेटरला एक पैसाही मिळालेला नसतो.

कार्य पार पडलं की करार, पावत्या आणि चॅट घेऊन ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

१८. तुमच्या माणसांची जेवणं आमच्या ताटांत मोजायची का?

हो, आणि फक्त आमची नाही. फोटोग्राफर आणि त्याची दोन मुलं, सनईवाले, मेकअपवाली, गुरुजींबरोबरचे दोघे, बसचा ड्रायव्हर. पंधरा ताटं धरा आणि केटररला आधी सांगा. दुसऱ्या पंगतीच्या सुमारास त्यांना आळीपाळीने बसवा. शेवटी बसवलं तर मसालेभात उरतो, जिलेबी उरत नाही.